खुणेची पाकळी

ते वळण खरं होतं की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी उत्तर मिळेल या आशेवर कुणी वाचू नये. मलाही ते मिळालेलं नाही.

मी सांगलीत एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. वर्गाबाहेर फारसं बोलत नाही. गप्प माणसाला लोक विचारी समजतात, आणि माझं बरंचसं आयुष्य या गैरसमजावर सुखात गेलं. इथं जे लिहितोय ते जिला सांगायला हवं होतं तिला मी उशिरा सांगितलं, आणि बाकी कुणालाच सांगितलेलं नाही.

वळण म्हणजे आलेखावरचं. माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी आहे. कराडजवळच्या मलकापूरची सून, नवरा फौजेत, स्वतः तिथल्याच एका शाळेत शिकवते आणि सुट्टी काढून काढून सांगलीला येते. तिचा प्रश्न दिसायला साधा होता. चुंबकासारखे वागणारे अणू एका ओळीत मांडले आणि त्यांना धक्का दिला, तर वेळ जाईल तसं त्यांचं काय होतं? ओळ लहान असेल तोवर आपला नेहमीचा संगणक हे गणित सोडवतो. ओळ लांबली की तो हात टेकतो. म्हणून क्वांटम संगणक.

तो आमच्याकडं कुठला असायला? समुद्रापलीकडं कुठंतरी, भयानक थंड अशा पेटीत तो टांगलेला आहे. आम्हाला त्याची थोडी मिनिटं मंजूर झाली होती. कॉलेजच्या नावावर एकच खातं, त्यातूनच ती गणितं पाठवायची आणि त्यातूनच मीही. पाठवायचं, रांगेत थांबायचं, आणि येईल ते उत्तर उतरवून घ्यायचं.

अडचण अशी की ही यंत्रं अजून कच्ची आहेत. त्यांच्यात खरखर फार, आमच्या भाषेत नॉइज. एकच गणित हजार वेळा करायला सांगितलं तर एकच उत्तर हजार वेळा येत नाही. उत्तरांचा सडा पडतो आणि त्यातून खरं काय ते आपण वेचायचं. गणिताच्या पायऱ्या जितक्या जास्त, तितका सडा विस्कटलेला.

तिच्या आलेखात उतरत आलेली रेघ शेवटाला पुन्हा वर उचलली होती. धक्का विसरून गेलेल्या अणूंना एकदम काहीतरी आठवावं तशी. ही अपेक्षा कुणाचीच नव्हती. नेहमीच्या संगणकावर ओढूनताणून केलेली अंदाजी गणितं नेमकी त्या जागी आपसात भांडत होती, त्यामुळं त्यांचा आधार नव्हता. आणि त्या वळणावर तिचं सगळं अडलं होतं. पुण्याच्या एका संस्थेत तिला संशोधनाची जागा मिळण्यासारखी होती. तिथल्या प्रमुख बाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, वळण खरं असेल आणि तुमचे मार्गदर्शक तसं लिहून देत असतील तर या.

तसं लिहून देणारा मी.

आता ज्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुठल्याच यंत्राला येत नाही म्हणून आपण या यंत्राकडं गेलो, त्याचं उत्तर बरोबर की चूक हे ताडून कशाशी बघायचं? यावर बरेच लोक डोकं खाजवत बसलेले आहेत. त्यातला एक उपाय असा. खऱ्या गणितांच्या गठ्ठ्यात मधूनमधून अशी गणितं घुसडायची, ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच पाठ आहेत. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी, पायऱ्याही तेवढ्याच. फक्त निम्म्या पायऱ्या पुढं जायचं आणि निम्म्या उलट्या चालत मागं यायचं. यंत्र नीट चाललं तर जिथून निघालं तिथंच पोचेल. यंत्रातले शून्य-एक धरणारे सगळे घटक, म्हणजे क्यूबिट, शून्यावरून निघतात. सगळे शून्यावर परत आले की यंत्र पास. याला सापळा म्हणतात. यंत्राला खरं कुठलं आणि सापळ्याचं कुठलं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून सापळ्यात ते जसं वागलं तसंच खऱ्या गणितातही वागलं असेल, असं धरून चालता येतं.

सापळे मी बनवले. ती बनवते म्हणाली होती, पण जिचा निकाल तिनंच सापळे लावू नयेत, असं मी म्हणालो. कुठलं गणित सापळ्याचं हे तिलाही सांगितलं नाही.

"सर, तुम्ही मशीन तपासताय की मला?"

"दोघांनाही."

"आणि तुम्हाला कोण तपासणार?"

"मला डॉक्टर तपासतात. दर वेळी शुगर वाढली म्हणून ओरडतात. तेवढं पुरे."

ती हसली. मीही हसलो.

सापळे पास झाले. लहान गणितांत झालेच, पण वळणाजवळच्या लांबलचक गणितांतही बऱ्यापैकी झाले. आणि इथं पहिली गोष्ट कबूल करायची आहे. ते इतके चांगले पास व्हायला नको होते. आकडे बघताक्षणी मला ते टोचलं होतं. पण ती केबिनच्या दारात उभी होती, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि तिच्याकडं बघून माझी मान आधीच हलली होती. एकदा हललेली मान परत कशी घ्यायची ते मला सुचलं नाही. मी पत्र लिहिलं. निकाल स्वतंत्रपणे तपासला असून विश्वासार्ह आहे, अशा अर्थाचं. सही केली. ते पुण्याला गेलं.

नंतर नवरात्र आलं.

आमचं घर गुरवाचं. कराडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे, तिथं भैरोबाचं देऊळ. पूजेच्या पाळ्या गुरवांच्या घरांत वाटलेल्या. त्या वर्षी नवरात्राची पाळी आमच्या घराची होती आणि थोरल्या भावाचं नेमकं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. त्याचा फोन आला.

"तूच ये रं. पाळी चुकवली तर म्होरलं घर टपूनच बसलंय."

"दादा, मला आता काही आठवत नाही त्यातलं."

"देवालाबी तुझं तोंड आठवत नसंल. ये गप."

गेलो. सोवळं नेसून गाभाऱ्यात उभा राहिलो, तर आश्चर्य म्हणजे हाताला सगळं आठवत होतं. कॉलेजात असेपर्यंत सुट्टीत मीच तर पूजा करायचो. वडिलांनी शिकवलेलं पाण्याचं प्रमाणसुद्धा बोटांत शिल्लक होतं.

कौल लावायला लोक येतात. देवाचा तांदळा, म्हणजे बिनघडीव दगडाची मूर्ती, ओला करायचा, त्यावर दोन्ही अंगांना शेवंतीच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पण आमच्या घरात थेट प्रश्न विचारत नाहीत. आधी माथ्यावर एक खुणेची पाकळी लावायची. 'देवा, जागा असशील तर उजवा दे.' ती पडली की देव ऐकतोय अशी खात्री झाली, मग खरा प्रश्न. वडील असंच करायचे, भाऊ असंच करतो, मीही असंच करायचो.

गावातले एक रिटायर्ड सुभेदार आले. वरच्या तुकड्यात बोअर मारायचा होता.

"प्रोफेसर, ओढ्याच्या अंगाला मारू का, तेवढं इचारा. मशीनवाला उद्या येतोय."

"विचारतो की."

मी खुणेची पाकळी लावली. हात जोडले. "देवा, जागा असशील तर" एवढं म्हटलं. पुढचं अजून तोंडातच होतं, तेवढ्यात पाकळी सुटली आणि उजवीकडं घरंगळली.

सुभेदार खूश. "आवं, देव आज लय घाईत हाय. इचारायच्या आधीच मोकळा."

"व्हय," मी म्हणालो.

"आमच्या पलटणीत एक होता असला. साहेबानं तोंड उघडायच्या आधी सॅल्यूट. काम सांगितलं की मातर गायब."

बाहेर बसलेली माणसं हसली. मी खरा प्रश्न विचारला, उजवी पडली, सुभेदार नारळ ठेवून गेले. मी गाभाऱ्यात तसाच उभा राहिलो. हातातल्या पाकळ्या कोमट झाल्या होत्या.

तांदळ्याच्या उजव्या खांद्याला उतार आहे. किती वर्षांच्या अभिषेकांनी झिजलाय कोण जाणे. पाकळी नीट ओली केली की ती उजवीकडंच सुटते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. घरात कुणी कधी उच्चारलं नाही, पण सगळ्यांच्या हातांना माहीत होतं. खुणेला उजवाच मागायचा, त्यामुळं खूण कधी चुकलीच नाही.

आणि माझ्या प्रत्येक सापळ्याचं बरोबर उत्तर शून्य होतं.

क्यूबिटचंही असंच आहे. एकवर तो उभा असतो तो कष्टानं. वेळ गेला की आपसूक शून्यावर येऊन बसतो. वाचणारं उपकरणसुद्धा बऱ्याचदा एकाला शून्य वाचतं, शून्याला एक त्यामानानं क्वचित. लांब गणितात यंत्र दमून नुसतं झोपी गेलं असतं, तरी माझ्या सापळ्यात बऱ्यापैकी पासच झालं असतं. जिथं वळण होतं, नेमकं तिथं. सावध माणूस काय करतो, सापळ्याच्या शेवटी चिठ्ठ्या टाकून काही क्यूबिट उलटे करून ठेवतो, म्हणजे बरोबर उत्तर दर वेळी शून्य-एकचं वेगळंच मिश्रण. मग झोपलेलं यंत्र पकडलं जातं. हे मी वाचलेलं आहे. क्यूबिट शून्यावर येऊन बसतो हे तर मी दर वर्षी वर्गात फळ्यावर काढून शिकवतो. पण सापळा बनवायला बसलो तेव्हा हात घरच्यासारखा चालला. खूण मागायची ती उजवीच. डावा मागूनही खूण घेता येते, हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला फोन करायला हवा होता. केला नाही. दसरा झाला, सांगलीला आलो, ती भेटली, आपट्याची पानं दिली, आणि तरी सांगितलं नाही.

का, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. भीती होती, ती नाकारत नाही. सही माझी होती. पण नुसती भीती असती तर सोपं होतं. मला खरोखर कळत नव्हतं की सांगायचं काय. सापळा चुकला म्हणजे वळण खोटं, असं होत नाही. सापळा चुकला म्हणजे वळणाबद्दल मला काहीच माहीत नाही, एवढंच होतं. 'मला माहीत नाही' हे सांगायला कुणाकडं जायचं असतं का? आधी कळू दे, मग सांगू, असं मी ठरवलं. आणि हे ठरवणं मला फार प्रामाणिकपणाचं वाटलं.

म्हणून उरलेली मिनिटं मी वापरली. गुपचूप. नवे सापळे केले, चिठ्ठ्या टाकून उलटवलेले, आणि त्यांच्यात मिसळून तिचं लांब गणित पुन्हा पाठवलं.

उत्तर आलं ते असं. लहान गणितांत नवे सापळे नीट पास. मधल्या टप्प्यापर्यंतही चालण्यासारखे. वळणाजवळ मात्र साफ नापास. मला पाठ असलेली उत्तरंही यंत्राला तिथं देता येत नव्हती. आणि त्याच यंत्रानं, त्याच गठ्ठ्यात, तिचं वळण पुन्हा काढून दाखवलं होतं. तीच जागा, साधारण तीच उंची.

मी केबिनचं दार लावून घेतलं आणि आलेख बघत बसलो. निव्वळ खरखर असती तर वळण दर वेळी वेगळं आलं असतं, नाही का? मग ते अणूंचंच असणार. पण यंत्राच्या अंगातच एखादा उतार असेल, तर तोही दर वेळी तसंच वळण काढेल. मग ते यंत्राचं असणार. त्यात भर म्हणजे ही यंत्रं सारखी नव्यानं जुळवून घ्यावी लागतात, त्यामुळं आज नापास झालेलं यंत्र त्या दिवशीही नापासच होतं, असंही छातीठोक म्हणता येत नाही. तो दिवस गेला. त्या दिवशीच्या यंत्राला आता डावा मागता येत नाही.

दिवाळीत ती घरी आली, सासूबाईंच्या हातच्या चकल्या घेऊन. बायको चहा टाकायला आत गेली. ती जरा वेळ सोफ्याच्या कडेवर बसली.

"सर, शाळेचा राजीनामा देऊ ना? हेडबाई विचारतायत. त्यांना माणूस बघावं लागेल."

"थांब अजून थोडी."

"का? पुण्याहून काही आलं का?"

"नाही, नाही. असंच. कागद हातात येऊ दे."

"बरं." मग चकलीचा डबा टेबलावर सरळ करत तिनं विचारलं, "आपली मशीनची मिनिटं उरलीयत का हो काही?"

"असतील की. मी हात लावला नाही त्याला."

हे इतकं सहज तोंडून गेलं, की खोटं बोललो हे मला चहा येईपर्यंत कळलंसुद्धा नाही. ती "बरं" म्हणाली आणि बायकोशी फराळाच्या भाजणीबद्दल बोलायला लागली.

त्याच आठवड्यात भावाचा फोन. "सुभेदाराच्या बोअरला पाणी लागलं बरं का. चांगलं लागलं. तुझं नाव काढतोय गावभर. म्हणतोय, कौल लावावा तर प्रोफेसरानं."

मी म्हणालो, "दादा, पाकळी आधीच पडली होती. मी विचारलंच नव्हतं."

"मग? पाणी लागलं न्हवं?"

लागलं होतं. मला त्या रात्री झोप लागली, पण सकाळी उठलो तो हाच प्रश्न तोंडात घेऊन. पाणी लागलं न्हवं?

शेवटी मी मलकापूरला गेलो, ते धीर आला म्हणून नव्हे. विद्यापीठात तिच्या प्रबंधाच्या सादरीकरणाची तारीख ठरली होती आणि त्यानंतर काहीच मागं घेता आलं नसतं. फोन न करता गेलो. फोन केला असता तर फोनवरच काहीतरी भलतं बोलून मोकळा झालो असतो.

तिचे सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि सुनेच्या अभ्यासाची चौकशी सुरू केली.

"त्ये तुमचं मशीन म्हणं लय थंडीत ठेवत्यात."

"हो. आपल्या फ्रीजच्या कितीतरी पट थंड."

"आन तरीबी गणित नासतंय?"

"नासतं."

"आमच्या फ्रीजमधलं दूधबी नासतंय. लाइटच जातीया. तिकडंबी लाइट जाती काय वो?"

ती आतून बाहेर आली, हाताला कणीक. मला बघून दचकली नाही. "सर, जेवूनच जा," एवढंच म्हणाली. जेवलो. सासऱ्यांनी आग्रह करून आणखी एक चपाती वाढायला लावली. त्या माणसाच्या समोर मला ते बोलवेना. निघालो तेव्हा हायवेवरच्या थांब्यापर्यंत ती सोडायला आली. पुलाखाली ट्रक जोरात जात होते, त्यामुळं मला मोठ्यानं बोलावं लागलं. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी कबुली दिली नव्हती.

"सापळे चुकले होते. सगळ्यांचं उत्तर शून्य होतं."

ती रस्त्याकडं बघत ऐकत होती.

"मी नवे करून परत चालवलं. वळणापाशी नापास झाले. पण वळण परत आलंय. मला कळत नाहीये ते खरं आहे का."

"कधी कळलं तुम्हाला? शून्याचं?"

"नवरात्रात."

"आणि परत चालवलंत ते दसऱ्यानंतर."

"तुला कसं माहीत?"

"सर, खातं एकच आहे आपलं. मिनिटं संपलेली दिसतात मला. काय चालवलंय तेही दिसतं." तिनं हाताला वाळून चिकटलेली कणीक नखानं काढली. "दिवाळीत मी तुम्हाला विचारलं होतं ना, मिनिटं उरलीयत का? मला उत्तर माहीत होतं."

एक एसटी आली. सांगलीची नव्हती. कंडक्टरनं आमच्याकडं बघितलं, घंटी मारली.

"मशीनचं सोडा," ती म्हणाली. "मशीन नापास झालं तर मला राग येत नाही. त्याचा स्वभाव आहे तो. तुम्ही नापास झालात. आणि मला हेही कळत नाहीये, की एकदाच झालात की पहिल्यापासूनच. चार वर्षं तुम्ही 'बरोबर आहे' म्हणालात, त्यातलं कुठलं कुठलं बरोबर होतं? काय धरून चालू मी?"

मी म्हणालो, "तुला माहीत होतं तर तूच का नाही बोललीस?"

हे विचारायला नको होतं. ती म्हणाली, "कारण तुम्ही सांगाल असं वाटत होतं. रोज वाटायचं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय मी, दिला नाहीये."

सांगलीची गाडी आली. मी चढलो नाही. तीही गेली नाही. मग तिनंच कोरड्या आवाजात विचारलं, "नव्या सापळ्यांत शेवटचा पास कुठं होता?" मी सांगितलं. "म्हणजे आलेख तिथं कापायचा," ती म्हणाली. मी म्हटलं, पुण्याला मी दुसरं पत्र लिहितो. "लिहा," ती म्हणाली. "मला वाचायला देऊन मग पाठवा."

दुसरं पत्र लिहायला पहिल्यापेक्षा खूप वेळ लागला. तिनं त्यातली दोन वाक्यं खोडली. मी स्वतःला फार दोष दिलेली होती ती. "हे त्यांना कशाला?" असं बाजूला लिहिलं होतं.

सादरीकरणाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो होतो. पडद्यावर आलेख आला, रेघ उतरत गेली आणि वळणाच्या अलीकडंच थांबली. ती म्हणाली, "यापुढं रेघ पुन्हा वर जाताना आम्हाला दोनदा दिसली. पण त्या टप्प्यावर हे यंत्र आम्हाला माहीत असलेली उत्तरंही चुकवतं. पहिल्या तपासणीत आमच्याकडून ते सुटलं. म्हणून त्यापुढचं मी म्हणत नाही."

आमच्याकडून, असं ती म्हणाली. मी मान खाली घातली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पण तुमचं स्वतःचं मत? आहे की नाही ते वळण?"

"मत आहे, सर. प्रबंधात नाही."

हॉलमध्ये थोडं हसू झालं. प्रबंध स्वीकारला जाईल असं दिसतंय. पुण्याची जागा मात्र गेली. तिथल्या बाईंनी चांगलं पत्र पाठवलं, पुढच्या वेळी जरूर अर्ज करा म्हणून. ती अजून मलकापूरच्या शाळेत शिकवते. तिच्या सासऱ्यांनी मला एकदा फोनवर विचारलं, सुनंचं गणित नेमकं कुठं नासलं? मी म्हणालो, माझ्याकडं. ते म्हणाले, "आसूं द्या. जेवायला या."

माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती देईल त्या उत्तराचं काय करायचं, हेही मला माहीत नाही. एक बदल झालाय. ती आता मला मधूनमधून मेसेज करून प्रश्न विचारते. अमुक लेख वाचला का? तमुक समीकरण तुम्ही स्वतः करून बघितलं की नुसतं डोळ्याखालून घातलं? सोमवारी कॉलेजात आहात का? यातल्या काही प्रश्नांची उत्तरं तिला आधीच माहीत असणार, असा माझा अंदाज आहे. कुठल्या, ते मला ओळखता येत नाही. सुरुवातीला ओळखायचा प्रयत्न करायचो. आता सोडून दिला. समीकरण केलं नसेल तर केलं नाही म्हणून लिहितो.

परवा तिनं विचारलं, "सर, ते वळण खरं असेल असं तुम्हाला वाटतं का?"

हा सापळा होता की खरा प्रश्न, कुणास ठाऊक. कधी वाटलं हो, दोनदा दिसलं ना. कधी वाटलं नाही, उतार असणार. सुभेदाराच्या बोअरचं पाणी मध्येच आठवलं. शेवटी लिहिलं, "माहीत नाही. सकाळी वाटतं, आहे. संध्याकाळी वाटतं, नाही."

तिचं उत्तर आलं, "मलाही."